जमिनीतलं नाणं आणि त्याची जागा
वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

मेटल डिटेक्टर आता हौशी माणसाच्या आवाक्यात आला आहे. त्याविषयी ठाणे आणि नवी मुंबईच्या वाचकांनी पाठवलेल्या पत्रांतले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न (नेरूळ): नुकताच मेटल डिटेक्टर घेतला आहे. तो कुठे फिरवता येईल? बेलापूरचा किल्ला जवळ आहे, सुटीच्या दिवशी घोडबंदरलाही जाता येईल.

किल्ला नको. बेलापूर नको, घोडबंदर नको आणि गावाबाहेरचा नाव नसलेला पडका बुरूजही नको. केंद्र सरकारच्या १९५८ च्या कायद्याने संरक्षित झालेल्या जागी परवान्याशिवाय उत्खनन करता येत नाही. अशा स्मारकाभोवती १०० मीटर प्रतिबंधित पट्टा असतो आणि त्यापुढे २०० मीटर नियंत्रित पट्टा. राज्य संरक्षित स्मारकांसाठी महाराष्ट्राचा १९६० चा वेगळा कायदा आहे. आमचं सांगणं कायद्याच्या एक पाऊल पुढचं आहे: जुनं बांधकाम दिसलं की ते कुठल्या यादीत आहे हे शोधत बसू नका, यंत्र पिशवीत घाला आणि कॅमेरा काढा. तिथली माती अजून कोणी वाचलेली नाही. खुरप्याने ती उलटीपालटी केली, तर पुढे ती कोणालाच वाचता येणार नाही.

येऊरचं जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं. ठाणे खाडीचा फ्लेमिंगो पट्टा २०१५ पासून अभयारण्य आहे. दोन्हीकडे वन्यजीव कायदा लागू आहे. कांदळवनातली जमीन बहुधा वनखात्याकडे असते. रुळांलगतची जमीन रेल्वेची असते आणि तिथे शिरणं हाच गुन्हा आहे. नवी मुंबईत मोकळा दिसणारा भूखंडसुद्धा बहुधा सिडको, महापालिका किंवा एमआयडीसीचा असतो.

मग उरतं काय? आपलं किंवा नातेवाइकांचं शेत, घराचं परसू, वाडी, आणि कमिटीने लेखी होकार दिला तर सोसायटीचं आवार. शेतासाठी आधी सातबारा पाहा. त्यावर चार भावांची नावं असतील तर चौघांचा होकार घ्या, कूळ असेल तर त्याचाही. कागदावर गट नंबर, तारखा, किती खोल खणणार आणि काही सापडलं तर काय करायचं, हे चारही मुद्दे लिहा. शेवटचा मुद्दा आधी ठरला नाही, तर भांडण नेमकं तिथेच होतं.

प्रश्न (कोपरखैरणे): सोसायटीच्या बागेत रोपं लावताना दीड फुटावर एक जुनं तांब्याचं नाणं मिळालं. म्हणजे इथे पूर्वी वस्ती होती का?

या एका नाण्यावरून तसं म्हणता येणार नाही, आणि त्याचं कारण नवी मुंबईच्या जमिनीत आहे. सिडकोची स्थापना १९७० ची. त्याआधी इथे आगरी-कोळी गावं होती आणि त्यांच्या भोवती भातखाचरं, मिठागरं आणि भरतीला पाण्याखाली जाणारी खाजण जमीन होती. शहर उभं राहिलं ते यातल्या बऱ्याच भागावर भराव टाकून. हा भराव म्हणजे मुरूम, दगड आणि दुसरीकडून उचललेली माती. बागेवरची तांबडी माती तर बहुधा आणखी वेगळ्या ठिकाणाहून ट्रकने आलेली असते. तुमचं नाणं त्या ट्रकमधूनही आलेलं असू शकतं.

भराव ओळखायचा कसा? खड्ड्याची एक बाजू खुरप्याने सरळ तासा आणि पाहा. मातीत धारदार कोनांची खडी, विटांचे तुकडे, प्लास्टिक, सिमेंटचे गोळे मिसळलेले असतील, तर तो भराव. त्याखाली निळसर करडा, चिकट, कुजकट वासाचा, शिंपल्यांचे तुकडे असलेला गाळ लागला, तर ती मूळ खाडीची जमीन. नाणं या दोन्हींच्या सीमेच्या वर होतं की खाली, हाच खरा प्रश्न. दीड फुटावर, वरच्या बागेच्या मातीत असेल, तर ते कोपरखैरण्याविषयी काहीही सांगत नाही. नाण्यासोबत एवढं जरूर लिहून ठेवा: ‘भरावात मिळालं.’ नाहीतर पन्नास वर्षांनी कोणी तरी त्याच्यावरून तुमच्या सेक्टरमध्ये एक बाजारपेठ वसवील.

जुनी जमीन शोधायची असेल तर गावठाणांकडे वळा. घणसोली, दिवाळे, करावे, सारसोळे ही गावं शहराच्या आधीची. तिथेही खणण्याआधी कागद वाचा. १८८२ च्या ठाणे जिल्हा गॅझेटियरच्या चौदाव्या खंडात गावागावांची माहिती आहे. सर्वे ऑफ इंडियाच्या जुन्या एक इंच–एक मैल नकाशांवर खाडीचा काठ, मिठागरं आणि पायवाटा दिसतात. आजचा उपग्रह नकाशा त्यांच्या शेजारी ठेवला की कोणती जमीन मूळची आणि कोणती भरावाची, हे घरबसल्या बरंच कळतं.

प्रश्न (ठाणे, नौपाडा): मुरबाड तालुक्यात आमची वडिलोपार्जित भातशेती आहे. जुन्या लोकांच्या सांगण्यानुसार शेताच्या कडेने बैलांचे तांडे जात. तिथे डिटेक्टर कधी आणि कसा वापरावा? पहिल्या प्रयत्नात यंत्र सारखंच वाजत होतं.

आधी वेळ. भात कापून झाल्यावर, नोव्हेंबरमध्ये, जमिनीत ओल असते, माती ढेकळासारखी निघते आणि परत बसते. त्याच ओलीवर वाल-हरभरा पेरणार असाल तर पेरणीच्या आधीचे दिवसच तुमचे. मार्चनंतर जमीन विटेसारखी होते. तेव्हा खणलं तर वस्तूला ओरखडे पडतात आणि खड्डा नीट बुजत नाही.

यंत्र सारखं वाजण्याचं कारण जमीनच आहे. आपल्याकडचा काळा पाषाण आणि त्याचा मुरूम यात मॅग्नेटाइट हे लोहखनिज भरपूर असतं. यंत्राच्या टोकाची चकती, म्हणजे कॉइल, जमिनीत बदलतं चुंबकीय क्षेत्र सोडते. धातूत त्यामुळे भोवरी प्रवाह तयार होतात आणि त्यांचा प्रतिसाद यंत्र ऐकतं. खनिज माती स्वतःच प्रतिसाद देऊ लागली की यंत्र गोंधळतं. उपाय ग्राउंड बॅलन्स. धातू नसलेली हातभर जागा शोधा, कॉइल जमिनीपासून ३ सेंमीवरून २०–२५ सेंमीपर्यंत वर-खाली हलवा आणि आवाज स्थिर होईपर्यंत बॅलन्सचं बटण धरून ठेवा. दर २०–३० मीटरवर आणि माती बदलली की पुन्हा करा. तरीही कुरकुर राहिली तर सेन्सिटिव्हिटी कमी करा. कमी केली की खोली कमी मिळेल अशी भीती वाटते, पण अशा मातीत गोंगाट कमी झाल्यामुळे प्रत्यक्षात खोलचा बारीक आवाज ऐकू येतो. मोठ्या कॉइलपेक्षा ६–९ इंचांची कॉइल इथे बरी, कारण ती एका वेळी कमी माती ‘पाहते’.

तुमच्या शेतात आणखी एक गोष्ट असणार: राब, म्हणजे रोपांसाठी जमीन भाजायला जाळलेला पालापाचोळा. वर्षानुवर्षं जिथे राब भाजला, तिथली माती तापून जास्त चुंबकीय झालेली असते. एकाच चौकोनात यंत्र वेडंवाकडं वाजत असेल, तर राब कुठे भाजत होते ते घरच्यांना विचारा.

फिरवताना कॉइल जमिनीपासून २–३ सेंमीवर, जमिनीला समांतर ठेवा. हाताच्या टोकाला ती वर उचलली जाते, तिथेच खोली वाया जाते. एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जायला दोन सेकंद लागले पाहिजेत, आणि पुढचा फेरा आधीच्या फेऱ्यावर अर्धी कॉइल चढला पाहिजे. दोऱ्या बांधून एक-एक मीटरच्या पट्ट्या आखल्या तर काहीच सुटत नाही.

आवाज आला की ९० अंश वळून पुन्हा फिरवा. दोन्ही दिशांनी यंत्राच्या पडद्यावर तोच आकडा स्थिर आला तर गोल, सपाट वस्तू असण्याची शक्यता जास्त. आकडा उड्या मारत असेल किंवा एका दिशेने आवाजच येत नसेल, तर बहुधा खिळा. पण बैलाचा नाल इथे हमखास फसवतो. बैलाचं खूर दुभंगलेलं असल्याने एका खुराला दोन पत्र्या लागतात, म्हणजे एका बैलाच्या आठ. त्या सपाट लोखंडी पत्र्या कधीकधी चांदीसारखा उंच, स्वच्छ आवाज देतात. सोड्याच्या बुचाचंही तसंच. म्हणून निराश होऊ नका: तांडे जात होते हे खरं असेल, तर त्याचा पुरावा नाण्यांपेक्षा या नालांतच मिळेल. नाल, नालाचे खिळे, घुंगरू, गळ्यातल्या घंटेचा लोळ यांची जागा नकाशावर मांडत जा. टिंब शेताभर विखुरली तर ती नांगरटीच्या बैलांची. एका पट्ट्यात ओळीने पडली तर तिथून वाट जात होती. कल्याणकडून नाणेघाटाकडे जाणारा जुना मार्ग याच तालुक्यातून जातो, त्यामुळे असा नकाशा अभ्यासकांनाही मोलाचा वाटेल.

खोदायचं ते फक्त नांगराच्या थरात, म्हणजे वरच्या सुमारे १५ सेंमीत. त्याची दोन कारणं. नांगराने तो थर आधीच ढवळलेला आहे, त्याखालचा अजून जागच्या जागी आहे. आणि भातखाचरात चिखलणीमुळे त्याखाली एक कडक, दाबलेला थर तयार होतो, तोच पाणी धरून ठेवतो. त्याला भोकं पाडलीत तर पावसाळ्यात खाचरात पाणी टिकणार नाही. खोलचा आवाज असेल तर जागा टिपून ठेवा आणि सोडून द्या. बांधाला तर हातच लावू नका.

खड्डा करताना तीन बाजू कापा, चौथी बिजागरीसारखी राहू द्या आणि ढेकूळ उलटा करून शेजारच्या प्लास्टिकवर ठेवा. पिनपॉइंटरने, म्हणजे हातात धरायच्या छोट्या डिटेक्टरने, वस्तू हेरा, हाताने काढा, माती परत घालून पायाने दाबा. गमबूट घाला. कापणीनंतर बांधाच्या दगडांत घोणस आणि विंचू असतात.

प्रश्न (वाशी): जमिनीत सहा मीटर खोल असलेलं सोनं लांबून दाखवणाऱ्या यंत्राची जाहिरात पाहिली. आमच्या गावच्या वाड्यात गुप्तधन आहे असं म्हणतात. घ्यावं का?

घेऊ नका. नाण्याएवढी वस्तू साधं यंत्र आपल्या मातीत १५–२० सेंमीपर्यंत नीट दाखवतं. हंड्याएवढी मोठी वस्तू त्याहून खोल दिसते, पण लांबून हवेतून सोनं ओळखणारं यंत्र भौतिकशास्त्रात बसत नाही. छोट्या सोन्याच्या वस्तूचा आकडा आणि चॉकलेटच्या चंदेरी कागदाचा आकडा साध्या यंत्रावर जवळपास एकच असतो. ‘फक्त सोन्यावर वाजतं’ हा दावा इथेच संपतो.

आणि एक गोष्ट कळकळीने. गुप्तधनासाठी अघोरी, अमानुष प्रकार करणं, नरबळी देणं हे महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. ‘यंत्र आहे, आता विधी करा’ म्हणणाऱ्या माणसाला दारात उभं करू नका.

प्रश्न (डोंबिवली): शेतात खरंच चांदीची नाणी मिळाली तर ती कोणाची? लोक म्हणतात, सांगितलं की सरकार घेऊन जातं, म्हणून गप्प बसावं.

या समजुतीमुळे आपल्या जिल्ह्याचा किती इतिहास सोनाराच्या मुशीत वितळला असेल, याचा विचारही नकोसा होतो. कायदा १८७८ चा आहे, भारतीय निखात निधी अधिनियम. जमिनीत दडलेली, १० रुपयांहून जास्त किमतीची कोणतीही वस्तू सापडली, तर सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं: काय आहे, अंदाजे किंमत, जागा आणि तारीख. मग वस्तू जवळच्या शासकीय कोषागारात जमा करायची, किंवा मागतील तेव्हा हजर करण्याची हमी द्यायची. आजच्या भावात चांदीचं एखादं जुनं नाणंही या मर्यादेत येतं.

पुढे जिल्हाधिकारी जाहीर सूचना काढतात. दावे ऐकण्याची तारीख सूचनेनंतर चार महिन्यांच्या आधीची नसते आणि सहा महिन्यांच्या नंतरचीही नसते. निधी शंभर वर्षांत कोणी पुरलेला आहे असं दिसलं, तर खऱ्या मालकाला दिवाणी न्यायालयात जायला वेळ दिला जातो. निधी बेवारस ठरला, जमिनीच्या मालकाने दावा केला आणि दोघांत वेगळा करार नसेल, तर सापडणाऱ्याला तीन चतुर्थांश आणि मालकाला एक चतुर्थांश मिळतो. सरकारला तो संग्रहासाठी हवा असेल तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा देऊन घेता येतो. न कळवल्यास मात्र एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही, आणि तुमचा हिस्साही सरकारजमा. म्हणजे गप्प बसण्यात तुमचाच तोटा.

एक तपशील नवी मुंबईकरांसाठी: ऐरोली ते बेलापूर ठाणे जिल्ह्यात, पण खारघर, पनवेल, उरण रायगड जिल्ह्यात. अर्ज त्या-त्या जिल्हाधिकाऱ्यांकडे करा, दोन प्रती न्या आणि एकीवर पोच घ्या.

एकापेक्षा जास्त नाणी एकत्र दिसली, मडक्याची खापरी किंवा हाडं लागली, की त्या क्षणी हात थांबवा. उरलेली काढू नका. फोटो काढा, मातीने झाका, कळवा. का, ते सोपाऱ्यावरून कळेल. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी तिथला स्तूप उघडला. दगडी पेटीत एकात एक बसवलेले करंडक, सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीचं चांदीचं नाणं आणि भोवती बुद्धाच्या आठ कांस्यमूर्ती मिळाल्या. कोणती वस्तू कुठे होती हे त्यांनी टिपून ठेवलं होतं. नाणं दुसऱ्या शतकाच्या आसपासचं आणि मूर्ती आठव्या-नवव्या शतकाकडच्या, म्हणजे स्तूप पुन्हा उघडून मूर्ती नंतर ठेवल्या गेल्या, हे त्या मांडणीवरूनच कळलं. त्याच वस्तू चोरबाजारात सुट्या मिळाल्या असत्या तर ही गोष्ट कधीच कळली नसती.

प्रश्न (कळवा): जुना तांब्याचा पैसा मिळाला, हिरवा पडला आहे. चिंचेने घासू का? आणि तो कोणता ते कसं ओळखायचं?

चिंच, लिंबू, भांडी घासायची पावडर, दातांचा ब्रश यांपैकी काहीही नको. घट्ट, गुळगुळीत हिरवा थर हेच नाण्याचं कवच असतं आणि अक्षरं बहुधा त्याच थरात टिकलेली असतात. सुटी माती मऊ कोरड्या ब्रशने काढा, एवढंच. खाडीकाठच्या मातीत क्षार असतात. फिकट हिरवी, पिठासारखी भुकटी सतत येत राहिली तर तो क्षारांचा रोग आहे. असं नाणं वेगळ्या हवाबंद डब्यात, त्याच्या वजनाइतकी तरी सिलिका जेल घालून ठेवा आणि दाण्यांचा रंग बदलला की ते बदला. लोखंडासाठीही हेच. शिशाच्या वस्तू लाकडी पेटीत ठेवू नका, लाकडातून निघणाऱ्या आम्लाने त्या पांढऱ्या पडून झिजतात.

ओळखण्यासाठी सोनाराकडे वापरतात तसा ०.०१ ग्रॅमचा काटा आणि मिलिमीटरची पट्टी पुरे. साडेसहा ग्रॅमच्या आसपास आणि २५ मिमी असेल तर तांब्याचा पाव आणा. पावणेपाचच्या पुढे असेल तर १९०६ नंतरचा ब्राँझचा. भोकाचा पैसा १९४३ ते ४७ मधला, जेमतेम दोन ग्रॅमचा. जाड, कडा वेड्यावाकड्या, ११–१३ ग्रॅम आणि ‘श्री राजा शिव’ किंवा ‘छत्रपति’ यातली काही अक्षरं दिसली तर शिवराई. चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅम. त्याच वजनाचा १९४७ चा वाघाचं चित्र असलेला रुपया चुंबकाला चिकटतो, म्हणून तो खोटा ठरत नाही. तो शुद्ध निकेलचा आहे.

फोटो काढताना दिवा एका बाजूला, जवळजवळ टेबलाच्या पातळीवर ठेवा. समोरून न दिसणारं अक्षर तिरक्या उजेडात उठून येतं.

प्रश्न (भाईंदर): उत्तनच्या किनाऱ्यावर चालेल का?

मासळी सुकवण्याच्या जागा आणि जाळी टाळून, गावातल्या लोकांना विचारून. कोरड्या वाळूत साधं यंत्र चालतं, ओल्या खाऱ्या वाळूत एका फ्रिक्वेन्सीचं यंत्र ओरडत राहतं, तिथे मल्टी-फ्रिक्वेन्सी लागतं. जास्त करून जाळ्यांचं शिसं मिळेल, ते हाताळल्यावर हात धुवा. आजच्या माणसाची अंगठी किंवा साखळी मिळाली तर ती पोलिसांकडे द्या. ती ठेवून घेणं भारतीय न्याय संहितेखाली गुन्हा ठरू शकतो. आणि गंजलेली, नळकांड्यासारखी, तांब्याचा पट्टा असलेली जड वस्तू दिसली तर ती तोफगोळा असू शकते. हात न लावता आल्या पावली मागे फिरा आणि ११२ वर फोन करा.

प्रश्न (ऐरोली, शिक्षिका): सातवी-आठवीच्या मुलांना याची ओळख करून द्यायची आहे. शाळेच्या आवारात काय करता येईल?

पुरलेला वाफा करा. ३ मीटर लांब, १ मीटर रुंद, चाळलेल्या मातीचा. त्यात ६०–६० सेंमी अंतरावर भोकाचा पैसा, १० रुपयांचं नाणं, खिळा, सोड्याचं बूच आणि चंदेरी कागद पुरा. तसेच तीन वाफे करून खोली ५, १० आणि १५ सेंमी ठेवा. प्रत्येक वस्तूला नायलॉनचा दोरा बांधून टोक बाहेर ठेवलं की शेवटी एकही हरवत नाही. पुरण्याआधी रिकामा वाफा यंत्राने तपासा, नाहीतर आधीचा एखादा खिळा सगळी नोंद बिघडवतो.

मुलांनी आकडे वहीत लिहावेत, वस्तूचं नाव नंतर उघडावं. मग एक प्रयोग मुद्दाम करा: नाण्याच्या शेजारी ३ सेंमीवर खिळा पुरा. बहुतेक यंत्रांवर नाणं ‘नाहीसं’ होईल. लोखंड चांगल्या धातूला कसं झाकतं हे सांगून कळत नाही, ऐकून कळतं.

नोंदीचा सराव त्याच वाफ्यावर घ्या. मोबाइलच्या जीपीएसमध्ये पाचव्या दशांशाचा फरक म्हणजे सुमारे एक मीटर, पण झाडाखाली आणि इमारतींजवळ फोन स्वतःच ५–१० मीटर चुकतो. म्हणून शाळेच्या दोन ठरावीक कोपऱ्यांपासून टेपने अंतर मोजायला लावा. दोन अंतरं मिळाली की कंपासने नकाशावर जागा पक्की होते, आणि मुलांना भूमितीचा कंपास पहिल्यांदाच कामाचा वाटतो. वहीत रकाने पाच: क्रमांक, दोन अंतरं, खोली, मातीचा रंग, वस्तू. वस्तू शेवटी.

दुसऱ्या आठवड्यात यंत्र कपाटात ठेवा आणि मुलांना दिवे, रबाळे, घणसोलीच्या गावठाणात आजी-आजोबांकडे पाठवा. धक्का कुठे होता, मीठ कुठे भरत, विहीर कोणती बुजवली, बाजार कुठल्या वारी भरे, हे विचारून त्याच नकाशावर मांडा. पेन्सिलनेच, कारण दुसऱ्या आजी पहिल्या आजोबांना हमखास दुरुस्त करतात.